सगळ्यांना तेच विचारणारी

तिचं नाव पाऊसस्रोतकसोटी. पायथनमध्ये लिहिलेला एक क्लास, ओळी जेमतेम दीडशे. मावळ तालुक्यातल्या पावसाच्या नोंदी एका ठिकाणी आणणारा एक छोटा प्रोग्राम आम्ही चार-पाच जण फावल्या वेळात सांभाळतो, त्यात ती राहते. पावसाचा एक थेंबही ती मोजत नाही. नोंद साठवत नाही, आलेख काढत नाही, आणि एकटीला चालवायला गेलं तर चालतही नाही. पावसाची माहिती आणलीय असं म्हणत जो कुणी प्रोग्राममध्ये यायला बघेल, त्याला ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तर चुकलं की आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. प्रश्न सगळ्यांना तेच.

तिची गरज का पडली, हे मावळचा पाऊस ठाऊक असलेल्याला लगेच कळेल. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि दोन्हींच्या मध्ये रेल्वेने चौसष्ट किलोमीटर. आमचा तालुका याच उतरंडीवर पसरलाय. मळवलीत कोसळतोय आणि तळेगावात रस्ता कोरडा, हे इथे नेहमीचं. नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ, प्रत्येक खोऱ्याचा पाऊस वेगळा. तालुक्याची सरासरी म्हणून जो एक आकडा छापून येतो तो भातलावणीला माणसं सांगून ठेवणाऱ्याच्या फारसा उपयोगाचा नसतो. त्याला त्याच्या शिवाराचा आकडा हवा असतो. म्हणून जिथून मिळतील तिथून नोंदी घ्यायच्या, असं आम्ही ठरवलं.

आणि नोंदी मिळतात त्या तीन तऱ्हांनी. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी काचेच्या मापात ओतून वहीत आकडा लिहितात. ती वही संगणकावर चढवली जाते. काही ठिकाणी स्वयंचलित यंत्रं आहेत, ती दर पंधरा मिनिटांनी एक आकडा सोडतात. आणि आतल्या गावांतले काही शेतकरी फोनवरून एसएमएस पाठवतात: गावाचं नाव, तारीख, आकडा. वही, यंत्र, एसएमएस. तिन्हींसाठी प्रोग्राममध्ये तीन वेगळे क्लास आहेत, कारण वही वाचण्याची रीत वेगळी आणि एसएमएस वाचण्याची वेगळी. पण पुढे आलेख काढणारा, बेरीज करणारा, अतिवृष्टीचे दिवस शोधणारा जो भाग आहे त्याला नोंद कुठून आली याच्याशी देणंघेणं नाही. तो तिघांनाही एकच विचारतो: अमुक गावात अमुक तारखेला किती?

ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रोग्रामचा एखादा छोटा तुकडा सांगितल्याप्रमाणे वागतो का, हे तपासणारा दुसरा छोटा तुकडा लिहून ठेवतात, त्याला युनिट टेस्ट म्हणतात. मूळ प्रोग्राममध्ये कुणी काही बदललं की सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायच्या. काही मोडलं असेल तर तिथेच कळतं. समजा, वहीच्या क्लाससाठी अशा टेस्ट लिहिल्या, मग यंत्रासाठी त्याच पुन्हा लिहिल्या, मग एसएमएससाठी तिसऱ्यांदा. नक्कल करून चिकटवलेल्या टेस्ट काही दिवस सारख्या राहतात. नंतर एकीत सुधारणा होते, दुसरीत राहून जाते, आणि तिघांना तीन वेगळ्या फूटपट्ट्या लागू होतात. त्यापेक्षा प्रश्न एका क्लासमध्ये एकदाच लिहावेत आणि वही, यंत्र, एसएमएस यांच्या टेस्ट-क्लासनी ते वारशाने घ्यावेत. प्रोग्रामर याला इनहेरिट करणं म्हणतात. पाऊसस्रोतकसोटी ही ती प्रश्नांची मालकीण.

वारस झालेल्याने करायचं फार थोडं. तिच्यात एक जागा मुद्दाम रिकामी सोडलीय: 'स्रोत दे'. वहीची टेस्ट तिथे वही आणून ठेवते, यंत्राची टेस्ट यंत्र. सोबत प्रत्येकाने एकच ठरलेली गोष्ट आपापल्या बोलीत मांडायची: १२ जुलैला ८७.५ मिलिमीटर, १३ जुलैला नोंद नाही, १४ जुलैला शून्य. वहीत ती तीन ओळींत येते, त्यातली मधली कोरी. यंत्रात पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे असतात आणि १३ जुलैचे तुकडेच नसतात. एसएमएसमध्ये दोनच निरोप असतात. मग ती प्रश्न सुरू करते.

तिचा आवडता प्रश्न वेळेचा आहे. भारतीय हवामान विभागाच्या रिवाजाप्रमाणे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १२ जुलैच्या नावावर जो आकडा लागतो तो ११ तारखेच्या सकाळी साडेआठपासून १२ च्या साडेआठपर्यंतचा. म्हणजे १२ जुलैला सकाळी पावणेनऊला कोसळलेली सर १३ च्या खात्यात जाते. वहीला हे आपोआप जमतं, कारण गुरुजी मोजतातच साडेआठला. यंत्राचा क्लास मात्र पहिल्यांदा लिहिला गेला तेव्हा त्याने मध्यरात्री दिवस बदलला, जसा कुठलाही संगणक बदलतो. तिने त्याला पहिल्याच फेरीत थांबवलं.

हा फरक वरवरचा नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात आणि पिकाच्या नुकसानीचे पंचनामे त्यावर अवलंबून असतात. रात्री आठला सुरू झालेला पाऊस मध्यरात्रीपर्यंत ४० मिलिमीटर पडला आणि पहाटे पाचपर्यंत आणखी ४०, तर साडेआठच्या हिशेबाने तो एका दिवसात ८० होतो. मध्यरात्रीच्या हिशेबाने ४० चे दोन दिवस, आणि दोन्ही दिवस अतिवृष्टी नाही. खाचराचा बांध फुटायचा तो फुटलेलाच असतो. सरकारी निर्णय आमच्या आकड्यांवर होत नाहीत, मंडळाच्या अधिकृत केंद्रावर होतात, हे खरं. पण गावातला माणूस आपला आकडा घेऊन बोलायला उभा राहणार असेल तर तो त्याच रिवाजाने मोजलेला असला पाहिजे. तिचा तो एक प्रश्न मला म्हणूनच सगळ्यांत मोलाचा वाटतो.

दुसरा प्रश्न कोऱ्या जागेचा. नोंद नसणं आणि पाऊस नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एसएमएसचा क्लास कामशेतची एक मुलगी लिहीत होती, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली. निरोप आला नाही त्या दिवशी तिचा क्लास शून्य परत करायचा. टेस्ट चालवल्यावर पडद्यावर लाल अक्षरांत आलं: 'एसएमएसकसोटी, कोरी नोंद म्हणजे शून्य नव्हे', आणि खाली, '०.० इज नॉट नन'.

"ताई, ही टेस्ट मी लिहिलेलीच नाही," ती म्हणाली. "कुठून आली?"

तिच्या फाइलमध्ये सहा-सात ओळी होत्या. स्रोत कसा बनवायचा, ती तीन दिवसांची गोष्ट कुठे आहे, बस. आणि तरी तिच्या क्लासला नऊ प्रश्न विचारले गेले होते. मी तिला वरच्या क्लासची फाइल उघडून दाखवली. तिने ती शांतपणे शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "म्हणजे मला काय करायचंय ते इथे आधीच लिहिलेलं होतं." अगदी तेच. काय करायचं हे आमच्याकडे कुठल्या वेगळ्या कागदावर लिहिलेलं नाही. नव्याने येणाऱ्याने ही फाइल वाचायची. कागद जुना झाला तरी कुणाला कळत नाही. ही जुनी झाली तर त्याच दिवशी लाल होते.

पाऊसस्रोतकसोटीचे प्रश्न मराठीत आहेत, हेही सांगायला हवं. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावं देवनागरीत देता येतात. सुरुवातीचा 'टेस्ट' हा शब्द तेवढा रोमन ठेवावा लागतो, कारण त्यावरूनच टेस्ट ओळखली जाते. पुढचं सगळं आपलं. त्यामुळे गुरुजी, ज्यांनी आयुष्यात कधी प्रोग्राम लिहिला नाही, तेही लाल यादी वाचून सांगतात की एसएमएसवाल्याचं कुठे अडलंय. कार्यालयात मी हे करत नाही, तिथे टीम देशभरची आहे. इथे मात्र प्रश्न कुणाच्या शिवारासाठी विचारलेत ते त्या माणसाला वाचता आले पाहिजेत.

तिचं घराणं जुनं आहे. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी टेस्टचा साधा साचा मांडला तो १९९४ च्या सुमारास. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात एरिक गामा आणि बेक यांनी शेजारी बसून तोच साचा जावात उतरवला, तो जेयूनिट. त्याच धर्तीवर स्टीव्ह पर्सेल यांनी पायथनसाठी पायुनिट लिहिलं आणि २००१ साली ते पायथनच्या अंगचंच झालं. या सगळ्यांत टेस्ट हा एक क्लास असतो, आणि जो क्लास आहे त्याचा वारसा घेता येतो. वाट तिथेच मोकळी झाली.

तिच्या नात्यातल्या सगळ्यांत अनुभवी बाई खुद्द पायथनच्या घरात राहतात. पायथन ज्या टेस्टवर तपासलं जातं त्यात क्रमाने मांडलेल्या वस्तूंसाठी कॉमनटेस्ट नावाचा एक क्लास आहे. लांबी विचार, शोधून बघ, असे त्याचे प्रश्न. टपल आणि लिस्ट हे अशा मांडणीचे दोन प्रकार. टपलची टेस्ट कॉमनटेस्टचा वारसा घेते आणि एका ओळीत सांगते की तपासायचा प्रकार टपल. लिस्टसाठी मध्ये आणखी एक पायरी आहे, कारण लिस्टमध्ये भर घालता येते, काढता येतं, टपलमध्ये नाही. तेव्हा लिस्टचे वेगळे प्रश्न दुसऱ्या क्लासमध्ये, आणि तो क्लास पहिल्याचा वारस. जगभर रोज वापरल्या जाणाऱ्या भाषेच्या मुळाशी हीच रीत आहे, हे नव्या मुलांना मी आवर्जून उघडून दाखवते. तिथे डेक नावाचा प्रकारही येतो. त्याचे तुकडे पाडता येत नाहीत, म्हणून त्याच्या टेस्टमध्ये तुकड्यांचे प्रश्न रिकामे करून ठेवलेत आणि वर टीप लिहिलीय की तूर्त हे बाजूला. प्रश्न टाळलाय हे त्यांनी लपवलेलं नाही, ते मला आवडतं. पण टाळावा लागला, हेही दिसतं.

अशी टाळाटाळ आमच्याकडेही एकदा शिरू पाहत होती. तासाभरात जास्तीत जास्त किती कोसळला, हा प्रश्न कुणीतरी तिच्यात टाकला. यंत्राला त्याचं उत्तर देता येतं. गुरुजींच्या वहीला येत नाही, दिवसातून एकदाच मोजणाऱ्याला तासाचं काय माहीत? मग वहीच्या टेस्टमध्ये तो प्रश्न पुसला गेला, एसएमएसच्याही. तिघांपैकी दोघं ज्याचं उत्तर देऊ शकत नाहीत तो प्रश्न सगळ्यांचा नव्हेच. आम्ही तो तिच्यातून काढला आणि तासाचा हिशेब ठेवणाऱ्यांसाठी तिची एक वारस तयार केली, बारीकनोंदकसोटी. यंत्र आता तिच्याकडे जातं आणि दोघींचेही प्रश्न ऐकतं. लिस्ट आणि टपलसारखंच.

याच्या मुळाशी असलेला विचार बार्बरा लिस्कोव्ह यांचा. १९८७ साली एका परिषदेतल्या भाषणात त्यांनी तो मांडला आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासोबत नेटका लिहिला: एका प्रकारची वस्तू जिथे अपेक्षित आहे तिथे तिचा वारस आणून ठेवला तर वापरणाऱ्याला वागणुकीत फरक जाणवता कामा नये. आमच्या घाटातच याचं उदाहरण आहे. लोणावळ्याहून कर्जतकडे निघालेल्या गाडीला ३७ फुटांना एक फूट असा उतार उतरायचा असतो, आणि त्यासाठी तिचे ब्रेक आधी तपासले जातात. डेक्कन क्वीन असो की मालगाडी, तपासणी चुकत नाही, कारण ती गाडीकडे बघून ठरलेली नाही, घाटाकडे बघून ठरलेली आहे. पाऊसस्रोतकसोटीचे प्रश्नही वहीकडे किंवा यंत्राकडे बघून लिहिलेले नाहीत. ते पुढे बेरीज करणाऱ्याची, अतिवृष्टी शोधणाऱ्याची गरज बघून लिहिलेत.

हे विसरलं की ती बिघडते. लिहायच्या ओळी वाचतात म्हणून तिच्याकडे येणारे पुष्कळ. फाइल उघडायची सोय तिच्यातच ठेवू, तारीख वाचायची सोय तिच्यातच ठेवू, सगळ्यांना वारशाने मिळेल! असं करत करत अशा क्लासचं कोठार झालेलं मी कार्यालयात पाहिलंय. हजार-बाराशे ओळी, त्यात प्रश्न कुठे आणि अडगळ कुठे ते कळेना, आणि एक ओळ हलवली की वीस ठिकाणी लाल. सोयीच्या गोष्टी साध्या फंक्शनमध्ये, वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात. तिच्याकडे फक्त जे सगळ्यांनी पाळलंच पाहिजे ते. या बाबतीत मी हट्टी आहे आणि आमच्या मंडळींना ते ठाऊक आहे.

तिची एक खोडही आहे. टेस्ट गोळा करणारी यंत्रणा क्लास दिसला की चालवायला घेते, आणि तिला एकटीला चालवलं की ती स्रोत मागते, स्रोत कुणीच दिलेला नसतो, मग नऊच्या नऊ प्रश्न लाल. नवख्याला वाटतं सगळं मोडलं. यावर उपाय साधे आहेत. तिला टेस्टच्या मूळ क्लासचा वारसा द्यायचाच नाही, साधा क्लास ठेवायचा, आणि वारस दोन्हीकडून घेतील. पायथनच्या घरात बाइट्सच्या टेस्ट असंच करतात. किंवा तिच्या फाइलचं नाव टेस्ट या शब्दाने सुरू करायचं नाही, म्हणजे गोळा करणाऱ्याची नजर पडत नाही. आम्ही पहिला मार्ग घेतला. जावावाल्यांना २०१७ मध्ये आलेल्या जेयूनिटच्या पाचव्या आवृत्तीपासून टेस्ट थेट इंटरफेसमध्ये लिहिता येतात, त्यांचं आणखी सुटसुटीत.

आणि एक तक्रार रास्त आहे: प्रश्न चुकला की बोट तिच्या फाइलमधल्या ओळीकडे दाखवलं जातं, चूक मात्र वारसाकडे असते. दोन फाइली उघडून बसावं लागतं. काहींना म्हणून वारशापेक्षा यादी बरी वाटते. एकच टेस्ट, तिला तीन स्रोतांची यादी द्यायची. छोट्या कामाला ते बरंच आहे. पण आमच्याकडे नवे स्रोत नवी माणसं आणतात, आणि यादीत नाव घालायचं राहून गेलं तर कुणी ओरडत नाही. मला वारसा जवळचा वाटतो.

यंदा उन्हाळ्यात गुरुजी एक जुनी वही घेऊन आले. खंडाळ्याच्या एका बंगल्यात पडून होती. कितीतरी वर्षांचा रोजचा पाऊस, इंच आणि सेंटमध्ये, सुरेख अक्षरात. त्यांना ती आमच्या प्रोग्राममध्ये हवी होती, आणि आम्हा सगळ्यांनाच. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, ०.२५४ मिलिमीटर, उत्तर मिलिमीटरमध्येच हवं, या प्रश्नात वही सहज पास झाली. कोऱ्या दिवसांत पास झाली, लिहिणाऱ्याने शून्य आणि कोरं वेगळं ठेवलं होतं. अडली ती वेळेवर. पहिल्या पानावर लिहिलं होतं, रोज सकाळी आठ.

"अर्ध्या तासाने काय होतंय?" गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, जुलैत खंडाळ्याला अर्ध्या तासात काय होतं ते तुम्हीच मला सांगितलंय."

ते जरा गप्प झाले, मग वही पुन्हा चाळू लागले. सूट द्यावी, आठ ते साडेआठ चालेल असं तिच्या प्रश्नात लिहावं, असं दोघातिघांचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. एका वहीसाठी प्रश्न सैल केला की तो यंत्रासाठीही सैल होतो, एसएमएससाठीही, उद्या येणाऱ्यासाठीही. जुन्या वहीचा खरेपणा कमी नाही, पण तिने दिलेला शब्द वेगळा आहे, आणि जो शब्द दिलेला नाही त्याचा वारस तिला करायचं नाही.

तोडगा गुरुजींनीच काढला. महिन्याच्या बेरजेत टोकाचा अर्धा तास गेला-आला तरी फारसं बिघडत नाही. म्हणजे वहीला रोजचा स्रोत न म्हणता महिन्याचा स्रोत म्हणायचं. त्यासाठी आता मासिकस्रोतकसोटी नावाचा वेगळा क्लास सुरू केलाय, पाऊसस्रोतकसोटीचा वारस नसलेला, स्वतंत्र. कामशेतची मुलगी तो लिहितेय. त्यात अजून दोनच प्रश्न आहेत. पहिला मिलिमीटरचा. दुसरा तिने गुरुजींना विचारून लिहिला: महिन्यातला एक दिवस जरी कोरा असला, तरी बेरीज देऊ नये, कोरंच ठेवावं.